उजव्या गालावरचं ऊन

लासुर्ण्याच्या आठवडे बाजारातली कोपऱ्यावरची जागा मी भांडून मिळवली होती. दोन वर्षं दर बाजारी सगळ्यांच्या आधी येऊन पाल ठोकायचं आणि कुणी अडवलं की तोंड सोडायचं, असं करत करत ती माझी झाली. रस्त्यावरून येणारी प्रत्येक बाई आधी माझ्यापुढून जायची. मी कटलरी विकायचे, म्हणजे बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पावडरी. या धंद्यात विकणारीनं स्वतः नटून बसायचं असतं. टिकली कशी दिसते ते गिऱ्हाईक पाकिटावर बघत नाही, तुमच्या कपाळावर बघतं. माझा चेहरा हीच माझ्या दुकानाची पाटी होती.

धाकटीच्या बाळंतपणानंतर त्या पाटीवर डाग पडले. दोन्ही गालांवर तपकिरी चट्टे आले, उजवीकडे जास्त गडद. वांग. आमच्याकडे वांग दिसलं की बायकांकडे उत्तरं तयार असतात : अंगात उष्णता आहे, पोट साफ नाही, कुणाची तरी नजर लागली. मी सगळं करून बघितलं. मसूर वाटून लावली, जायफळ उगाळलं, लिंबू चोळलं. लिंबानं गाल पेटायचे तेव्हा मला बरं वाटायचं. झोंबतंय म्हणजे काम करतंय, अशी माझी समजूत.

एका बाजारी निरवांगीच्या एका बाईनं पावडरीचा डबा हातात घेतला, माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "हीच लावती का गं तू?"

"व्हय की."

"मग नगं बाई," म्हणून तिनं डबा परत ठेवला.

मी माल बारामतीहून आणायचे. तिथल्या ठोक दुकानदारानं माझे गाल बघितले आणि एक ट्यूब पुढे केली. "वहिनी, ही न्या. आठ दिवसांत उजळतो चेहरा. डॉक्टर लोक लिहून देतात." मी भाव पाडला, एक खोकंच उचललं. एक ट्यूब घरी ठेवली, बाकीच्या पालात मांडल्या.

आणि खरंच गुण आला. महिन्याभरात गाल असे उजळले की मला काही बोलावंच लागेना. बायका बघायच्या आणि ट्यूब मागायच्या. उन्हाळा लागला तसं चित्र पालटलं. चुलीपुढं बसलं की तोंड भाजल्यासारखं व्हायचं. कातडी लाल, पातळ झाली, पुरळ उठलं, हनुवटीवर लव आली. एक दिवस ट्यूब लावली नाही तर दुप्पट आग. वांग तर पहिल्यापेक्षा काळं झालं.

मी दुकानदाराकडे गेले. दुकान भरलेलं होतं. तो हसत म्हणाला, "सगळ्यांना चालती वहिनी. तुमचीच कातडी नाजूक." गिऱ्हाइकंही हसली. त्यानंतर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. उरलेल्या ट्यूबा मी त्याच्या गल्ल्यावर आपटल्या. त्यानं त्या परत घेतल्या नाहीत आणि चुकलं असंही म्हणाला नाही. त्या गल्लीतून मी आजही जात नाही.

त्याच रागात मी बारामतीतल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे शिरले. त्यांनी माझ्या हातातली ट्यूब बघितली आणि हनुवटी धरून माझं तोंड खिडकीकडे वळवलं.

"ही ट्यूब इसबासारख्या दुखण्याला, थोडे दिवस, डॉक्टरांनी सांगितलं तर लावायची असते. चेहरा उजळायला नाही. आता ती कशी सोडवायची ते मी सांगते."

"आणि वांग? पोटाची उष्णता का?"

"पोटाचा संबंध नाही, नजरेचाही नाही. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. बाळंतपणात त्या चाळवतात आणि ऊन लागलं की जास्तच रंग करतात. तुम्ही चोळलंत, लिंबानं जाळलंत, की आणखी चिडतात."

चिडणाऱ्या माणसाला चोळून काय होतं ते मला कुणी शिकवायला नको होतं. मी विचारलं, "किती दिवसांत जाईल?"

"सहा महिने तरी धरा."

"तीन करा."

बाई हसल्या. "माझ्याशी भाव करताय?"

"सवय आहे."

"माझ्याशी करा हो. त्या पेशी ऐकणार आहेत का?" मग त्यांनी विचारलं, "उजवीकडे जास्त का आहे? दिवसभर बसता कुठं?"

मी सांगितलं. तोंड दक्षिणेला, उजव्या हाताला रस्ता, दुपारपासून दिवस मावळेपर्यंत ऊन त्याच गालावर. तिकडून कापड लावलं तर रस्त्यावरच्या बायकांना माल दिसत नाही.

त्यांनी दिवसा लावायचं एक आणि रात्री लावायचं एक मलम लिहून दिलं. "निम्मं काम हे करील. निम्मं सावली करील. जागा बदला."

जागा बदला! दोन बाजार मी तशीच कोपऱ्यावर बसले. तिसऱ्या बाजारी गाल झाकत कडुलिंबाच्या झाडाखाली गेले. तिथं दोरखंड आणि कासरे विकणारे एक आबा बसायचे.

"आबा, जागा बदलता का?"

"कोण? माझा खुट्टा उपटून फेकला व्हता, तीच का तू?"

"तीच."

"मग आता कोपरा कडू लागला व्हय?"

मी पदर बाजूला केला. "डाक्टरीणबाई ऊन नगं म्हणत्यात."

आबांनी बराच वेळ बघितलं. "आमच्या म्हातारीला बी आसंच व्हतं. जल्मभर उन्हात खुरपत व्हती, गेलंच न्हाय." मग कासरे गोळा करत म्हणाले, "मला चालतं ऊन. पर एक अट हाय. हितं लिंबाखाली म्हातारी माणसं दुपारची पडत्यात. आरडायचं न्हाय."

भाव न करता मी कबूल केलेली ती पहिली गोष्ट.

सुरुवातीला विक्री पडली. शिवाय ट्यूब नेलेल्या बायकांना गाठून मी सांगत होते, आता एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून सोडा. काहींनी मला शिव्या घातल्या आणि मी, अट आठवून, आवाज न चढवता ऐकून घेतल्या. वरकुट्याची एक कॉलेजातली पोरगी मुरुमांवर तीच ट्यूब लावत होती. फणकाऱ्यानं निघून गेली. पुढच्या बाजारी येऊन शेजारी बसली, "मावशी, त्या डाक्टरीणबाई कुठं बसत्यात?"

हळूहळू बायका सावलीत टेकायला लागल्या. टेकल्या की जास्त वेळ बघतात, हे मला कोपऱ्यावर कधी कळलं नव्हतं. पावसाळ्यात लाली गेली, दिवाळीपर्यंत डावा गाल निवळला. उजव्यावर फिकट सावट राहिलं. उन्हात बसलात तर परत येईल, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

एका बाजारी आबांनी कोपऱ्यावरून हाक मारली, "ए पोरी, गाल दाव!"

मी उजवा गाल वळवला.

"उतरलं की गं! मग, कोपरा परत पायजे का?"

त्यांच्यापुढून बायकांचा घोळका चालला होता, सगळ्या आधी तिथंच बघत. मी त्या घोळक्याकडे एकदा बघून घेतलं.

"नगं!" मी ओरडले.

आबांनी तिकडूनच ओठांवर बोट ठेवलं आणि लिंबाखाली झोपलेल्या म्हाताऱ्यांकडे हात केला.