बाथरूममधला शांत घोडा

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे घोडेवाले म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. खऱ्या घोड्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. रस्त्यात कुत्रं झोपलेलं दिसलं तरी हा माणूस पलीकडच्या बाजूने जायचा.

आमची कंपनी घरं आणि दवाखाने आतून सजवून देते. कपाटं, ओटे, दारं, दिवे, सगळं. प्रत्येक कामाचा करार होतो आणि कराराला शेवटी एक चेकलिस्ट जोडतात. काम कोणतं, ते कुणी करायचं, पुरं झालं हे कशावरून ओळखायचं, आणि त्यापुढे दोन रिकामे चौकोन. एक आमचा, एक गिऱ्हाइकाचा. ही चेकलिस्ट लिहिणं हे घोडेवाल्यांचं काम. करार मी टाइप करते. आमची टेबलं एकमेकांना चिकटून होती, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

त्यांचे नियम ठरलेले. कामापुढे माणसाचंच नाव हवं. 'संबंधित' किंवा 'सर्वांनी' असं मी टाइप केलं की ते कागद माझ्याकडे सरकवायचे. "बाई, सर्वांनी म्हणजे कुणीच नाही. खोडा." आणि दुसरा नियम म्हणजे दोन खुणा. एकाने बघितलं ते बघितलं नव्हेच. काम संपलं की घोडेवाले आणि गिऱ्हाईक खोलीखोलीतून हिंडणार, हे मोठ्याने वाचणार, दोघं बघणार, दोघं खूण करणार. दोन्ही चौकोन भरले की ते कलम संपलं. मग त्यावर कुणी ब्र काढायचा नाही.

घोडा आला तो एका दातांच्या डॉक्टरमुळे. आम्ही त्याचा दवाखाना केला होता. ताबा घ्यायच्या दिवशी हा गृहस्थ फोन कानाला लावून दारातच उभा राहिला आणि आत न येता सगळ्या चौकोनांत खुणा करून मोकळा झाला. मग एका खोलीचं दार उघडलं की बेसिनवर आपटतं म्हणून आमच्या मालकांच्या अंगावर धावून आला. खूण त्याचीच होती, तरी आरडाओरडा आम्हीच ऐकला. पुढच्या चेकलिस्टमध्ये घोडेवाल्यांनी नळ आणि आरसा यांच्या मधोमध एक ओळ घातली: 'बाथरूममध्ये घोडा बांधलेला असून तो शांत आहे.'

मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. पण गंमत अशी की लोक खूण करायचे! चांगले शिकलेसवरलेले लोक. मग घोडेवाले चष्मा पुसत अगदी गंभीरपणे विचारायचे, "घोडा कुठल्या रंगाचा आहे म्हणालात?" गिऱ्हाईक गोरंमोरं व्हायचं. हे शांतपणे नवा कागद काढायचे. "चला, पहिल्या ओळीपासून. दोघं मिळून." मालक आधी भडकले होते, पण तक्रारी बंद झाल्या तसे गप्प बसले. एका म्हातारीने मात्र घोड्यापुढे लिहिलं होतं, 'घोडा आहे, पण शांत नाही. सारखा घोरतो. माझे यजमान.' घोडेवाले तो कागद घेऊन ऑफिसभर नाचले होते.

ते दिवस त्यांची बायको होती तेव्हाचे.

त्यांच्या घरी मी एकदोनदाच गेले. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला असायचा. गॅस, नळ, खिडकी, किल्ली, आणि पुढे दोन चौकोन. घरातून निघताना एक खूण यांची, एक तिची. त्या दोघांचा खेळ होता तो. मुलगी लहान होती तेव्हा तिच्या दप्तराच्या यादीतही हे 'हत्ती ठेवला' असं घुसडायचे आणि ती किंचाळून हसायची, "बाबा, परत घोडा घातला!" त्या घरात हत्तीलाही घोडाच म्हणत. बायको गेल्यावर मी भेटायला गेले तर दारावर नवा कागद होता. पहिल्या चौकोनात खुणा आणि दुसरे सगळे मोकळे. मी चहा प्यायले आणि आले.

त्यानंतर त्यांच्या चेकलिस्टा लांबत गेल्या. 'खिडकी उघडून दोघांनी थोडा वेळ उभे राहावे, वारा येतो का पाहावे.' 'दोघांनी समोरासमोर बसून टेबलाची उंची तपासावी.' मी म्हणायची, "अहो, ताबा देताय की पाहुणचार करताय?" ते हसायचे. बाहेरून आले की दुपारभर गिऱ्हाइकाबद्दल सांगत बसायचे, कुणाच्या मुलाला खोकला आहे, कुणाला पिवळा रंग सोसत नाही. माझ्या कामाचा खोळंबा व्हायचा आणि मी वैतागायची. घरी गेल्यावर हा माणूस कुणाशी काय बोलत असेल हे डोक्यात आलं की वैताग आवरून पुन्हा ऐकायची.

मुलगी दुसऱ्या शहरात. चांगली नोकरी, नवरा, दोन मुलं, दर रविवारी फोन. वाईट नाही हो ती, उगीच कशाला बोल लावू? पण तिने कधी 'या आमच्याकडे राहायला' म्हटलं नाही आणि यांनी कधी 'येऊ का' विचारलं नाही. दोघंही वाट बघणारी. एकाने बघून भागत नाही असं जगाला शिकवणारा माणूस, आणि एवढं एक तोंडाने विचारता येईना.

निवृत्ती जवळ आली तशी घराच्या दुरुस्तीची गोष्ट निघाली. भिंतींना ओल, जुन्या तारा, मोडकळीला आलेला ओटा. बायकोच्या मागे घर बाप-लेकीच्या दोघांच्या नावावर झालेलं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, कुणी काय करायचं ते तुम्हीच लिहून पाठवा. तुमच्या पद्धतीने. मी सही करते."

तुमच्या पद्धतीने! माणूस हरखून गेला. आपल्याच घराचा करार करायला बसले, मुलीशी, चेकलिस्टसकट. मला टाइप करायला दिला तो मी जपून टाइप केला. ओल काढायची, मिस्त्री ठरवणार बाबा. तारा बदलायच्या, रजा काढून उभी राहणार मुलगी. आईचं शिलाईमशीन ठेवायचं का, ठरवणार दोघं, समोर बसून. दवाखान्याची वेळ आली तर पहिला फोन कुणाला, तिथे मुलीचं नाव.

"घोडा कुठाय?" मी विचारलं.

त्यांनी बोट ठेवलं. तारा आणि मशीन यांच्या मधली ओळ: 'बाबा एकटे मजेत राहतात. त्यांना कुणाच्या सोबतीची गरज नाही.'

"हे कसलं हो लिहिलंत?"

"घोडाच आहे," ते म्हणाले. "ती ओळखेल. लहानपणापासून ओळखत आली आहे. फोन करून ओरडेल बघा, बाबा, परत घोडा घातला म्हणून. मग बोलता येईल पुढचं."

तेव्हा मला कळलं की एवढा सगळा करार त्या एका ओळीसाठी होता. एवढंच विचारायला हा माणूस ओल आणि तारा पुढे करत होता.

दुपारी त्यांनी तो मुलीला फोनवर पाठवला आणि फोन टेबलावर उताणा ठेवून बसले. मीही कामाचं सोंग करत बसले. आमचा चहा संपायच्या आत उत्तर आलं. सगळे चौकोन भरलेले, एकूण एक. खाली सही. आणि वर निरोप: 'मस्त झालंय बाबा! सगळं मान्य. मीटिंगमध्ये आहे, रविवारी बोलू.'

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्या ओळीपुढेही हिरवी खूण होती.

"वाचलंच नाही तिने," मी म्हणाले. मला भयंकर राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. "एका दमात सगळीकडे बोट फिरवलंय. करा फोन. विचारा, घोडा कुठल्या रंगाचा. पहिल्या ओळीपासून, दोघं मिळून. एवढ्या गिऱ्हाइकांना सोडलं नाहीत, मग हिला का सोडता?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बाई, गिऱ्हाइकांनी वाचलेलं नसायचं हे मला माहीत असायचं," ते म्हणाले. "बाथरूममध्ये घोडा नसतोच. पण हे तिने वाचून केलं असेल तर?"

"काहीतरीच काय!"

"नसेलही वाचलं. नसेलच. पण विचारलं की कळणार ना." त्यांनी फोन खिशात टाकला. "न विचारलेलं बरं."

मी खूप बोलले. मी फोन करते म्हटलं, नंबर द्या म्हटलं. त्यांनी नुसता हात वर केला आणि करार छापून आणायला सांगितलं. मी आणून दिला. ते नेहमीसारखे पहिल्या ओळीपासून वाचत गेले, मोठ्याने, जसे गिऱ्हाइकापुढे वाचायचे तसे, आणि मुलीच्या खुणेशेजारी आपली खूण करत गेले. ओल. तारा. मग पेन थांबलं. मला वाटलं, आता कागद फाडतील, नवा काढतील.

त्यांनी ती ओळही मोठ्याने वाचली. एरवी घोड्यापाशी आले की त्यांचा आवाज थोडा हसायचा, तसा या वेळी हसला नाही.

इतक्या वर्षांत घोड्यापुढे त्यांना खूण करताना मी तेवढं एकदाच पाहिलं.