वहिनींचं गेलेलं अध्यक्षपद

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. वहिनी होत्या तोवर तोंडातून निघालं नाही. आता निदान त्यांच्या कंपनीतल्या बायकांना तरी खरं कळावं, म्हणून लिहितो.

अमरावतीत मी कंपन्यांचे कागद भरून द्यायचो. दादा-वहिनींची शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग. संत्री पॅक करून बाहेर पाठवू, म्हणून मीच त्यांना प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून दिली. संचालक ते दोघंच. कंपनी एक दिवसही चालली नाही. तरी दरवर्षी सरकारच्या पोर्टलवर कंपनीचं विवरणपत्र भरावंच लागतं, व्यवहार शून्य असला तरी. मला हे पाठ होतं. पण घरचं काम. आधी परक्यांच्या फायली. दोघांच्या डिजिटल सहीचे पेनड्राइव्ह माझ्याच खणात असायचे. ओटीपी लागला की वहिनी बागेतून सांगायच्या, "घ्या भाऊजी, लिवा." कशाचा, ते त्यांनी कधी विचारलं नाही. म्हणून मी भरलं की नाही, हेही त्यांना कळायचं कारण नव्हतं.

अशी सलग तीन वर्षं गेली.

तोवर वहिनींनी घरोघर फिरून संत्रा पिकवणाऱ्या बायकांची वेगळी कंपनी उभी केली होती. त्या अध्यक्ष होत्या. आणि तीन वर्षं विवरणपत्रं नाहीत म्हणून दादा-वहिनी कुठल्याही कंपनीत संचालक राहायला पाच वर्षांसाठी अपात्र ठरले. वहिनींचं तिथलं पदही गेलं.

मी वाट शोधत बसलो. जुनी कंपनी बंद करावी, तर आधी राहिलेलं सगळं भरा. भरलं, तरी अपात्रता तशीच.

वहिनींचा फोन आला. "भाऊजी, माह्यं काय चुकलं?"

"काई नाई वहिनी. सरकारचं पोर्टलच बिघडलं."

बायकांच्या बैठकीला मीही होतो. एकजण म्हणाली, "इतक्या बायांत कॉम्प्युटरले तुमीच सापडल्या का?" सगळ्या हसल्या. काहींचं हसणं साधं नव्हतं.

"हासा, हासा," वहिनी म्हणाल्या. "आमचे भाऊजी धावपळ करून राहिले ना."

मी खाली मान घालून नव्या अध्यक्षांचा फॉर्म भरत होतो.

पाच वर्षं सरली, पण वहिनी पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. मी अकोल्याला मुलाकडे राहायला आलो. गेल्या हिवाळ्यात त्या अमरावतीला दवाखान्यात होत्या, तेव्हा भेटायला गेलो. एसटीत सगळं मनात जुळवलं होतं.

"एवढ्या दूर कावून आले? गुडघे दुखतात ना तुमचे?"

"वहिनी, ते पोर्टलचं..."

"अजून तेच घेऊन बसले काय? तुमचा काय दोष त्यात?" त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मी बायांले तवाच सांगतलं, माणूस घरचा होता म्हणून एवढं तरी झालं."

मी "बरं" म्हणालो. आठवड्याने त्या गेल्या. बोलायचं होतं ते एवढंच: वहिनी, पोर्टल बिघडलं नव्हतं. मी भरलंच नव्हतं. मले माफ करा.