गोलरक्षकाचे साल

छावणीकडून दौलताबादला जाताना पडेगाव मागे पडले की डाव्या हाताला खामकाठ फुटबॉल क्लबचे मैदान लागते. मैदान म्हणजे आप्पासाहेब औताड्यांचे मुरमाड रान. तरुणपणी छावणीत फौजींचे सामने पाहून त्यांना या खेळाचे वेड लागले, आणि शेंद्र्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यावर हाती आलेल्या पैशातून त्यांनी संघ उभा केला. उभा केला तो मात्र शेतकऱ्याच्या रीतीने. सालगड्याचे साल पाडव्याला ठरते, तसेच खेळाडूंचेही ठरू लागले. पाडव्याच्या सकाळी एकेकाने ओसरीवर येऊन बसायचे, आप्पासाहेबांनी 'औंदा काय मन हाय?' असे विचारायचे, आणि आधी बोलायचे ते गड्याने. राहतो म्हणाला तर वर्षाची रक्कम ठरून पानसुपारी होई. नाही म्हणाला तर चहा घेऊन तो मोकळ्या मनाने निघे. मालकाने आपणहून कुणाला 'जा' म्हटल्याचे ऐकिवात नव्हते.

गोकुळ शेजूळ हा या रीतीतला सर्वांत जुना माणूस. शेंद्र्याच्या कारखान्यात पहिली पाळी करायची, तिथून शहर ओलांडून सरावाला यायचे, आणि रविवारी गोलात उभे राहायचे, हा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. दर पाडव्याला रक्कम थोडी थोडी वाढत गेली आणि क्लबच्या एकूण पगारखर्चाचा सहावा हिस्सा एकट्या त्याच्या वाट्याला येऊ लागला. आता तो सदतीस वर्षांचा होता आणि उजवा गुडघा कुरकुरत होता. थांबायची वेळ जवळ आली हे त्याला उमगत होते. फक्त ते दुसऱ्या कुणी सांगू नये, ओसरीवर बसून आपल्या तोंडाने सांगता यावे, एवढीच त्याची इच्छा होती. बायकोपाशी, सुरेखापाशी, त्याने ती एकदा बोलून दाखवली होती.

साखळी स्पर्धेत संघ शेवटच्या क्रमांकावर घसरला त्या वर्षी, पावसाळा सरता सरता, हिमांशू पाठक व्यवस्थापक होऊन आला. शहरातल्या वकिलाच्या घरातला, पुण्यात आणि गोव्यात प्रशिक्षण घेतलेला हा तरुण मितभाषी होता. निम्मा पगारखर्च तिशी ओलांडलेल्या चौघांवर होत असल्याचे त्याने पहिल्याच आठवड्यात दाखवून दिले. त्याला खेळाची सुरुवात गोलरक्षकाच्या पायापासून हवी होती, आणि गोकुळचा पाय चेंडू फक्त दूर भिरकावून देण्यापुरता तयार होता. म्हणून फर्दापूरच्या शिवराज नावाच्या गोलरक्षकाला त्याने शब्द दिला. गोकुळला तीन महिन्यांचे पैसे देऊन मोकळे करता येईल, असे त्याने गृहीत धरले होते. साल म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते.

आप्पासाहेबांनी त्याचे सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले, "पाडव्याला ठरलेलं मधीच मोडत नसतेत, सर. तुमी शिवराजला आणा, पण गोकुळचं साल पाडव्यापस्तोर हाय."

शब्द देऊन बसलेल्या हिमांशूने आपल्याला कबूल झालेल्या सहायकाच्या पगारावर पाणी सोडले आणि त्या पैशात शिवराजला आणले. गोकुळला पूर्ण पगार मिळत राहिला; जागा मात्र गेली.

बाकावर बसणे त्याला जड गेले. बचावफळीतला कचरू चेष्टेखोर, तो म्हणे, "गोकुळदादा, तुमचं लई झ्याक हाय. सालभर सावलीत बसायचं, आन् पगार उन्हातला." गोकुळही हसे, पण दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो आप्पासाहेबांकडे गेला आणि मला मध्येच मोकळे करा म्हणाला. आप्पासाहेबांना ते रुचले नाही. पाऊस लांबला म्हणून गडी घरी जातो का, की तो कुंपण घालतो, गोठा सारवतो, असे त्यांनी विचारले. साल माणसाचे असते, एका कामाचे नसते. काम हवे असेल तर ते सरांकडे माग, असेही ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गोकुळ हिमांशूसमोर उभा राहिला. "सर, माझं साल चालू हाय. काम सांगा."

हिमांशू अवघडला. या माणसाशी आपण अद्याप धड बोललोही नाही, हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने त्याला खुर्ची दिली आणि शिवराजचा रोजचा सराव त्याच्यावर सोपवला.

ते काम सुरळीत झाले असे मात्र नाही. येईल तो चेंडू मुठीने पिटाळण्याचा गोकुळचा धडा हिमांशूच्या योजनेत बसत नव्हता, आणि गोलापुढेच आपल्या गड्याला चेंडू देण्याचे धाडस गोकुळच्या पचनी पडत नव्हते. दोघांत खटके उडाले. शिवराज दोन्हीकडचे ऐके आणि कधी तिसरेच करी. हळूहळू हिमांशूने मुठीला थोडी मोकळीक दिली. गोकुळही शिवराजला सराव देता देता डाव्या पायाने चेंडू सरकवायला शिकला, तेही त्या वयात.

माघात शिवराजचे बोट दुखावले आणि गोकुळ पुन्हा दोन सामने गोलात उभा राहिला. पहिला सामना त्याने राखला. दुसऱ्यात तीन गोल झाले. त्यातला तिसरा त्याला नीट दिसला होता, चेंडू कुठे येणार हेही कळले होते, पण गुडघा वेळेवर हलला नाही. संघ अखेर मधल्या क्रमांकावर राहिला.

पाडव्याला ओसरीवर हिमांशूही येऊन बसला. त्याच्या नव्या अंदाजपत्रकात प्रत्येकाच्या नावापुढे आकडा होता. गोकुळपुढची जागा त्याने कोरी ठेवली होती. काय होणार हे त्याला दिसत होते, पण आधी बोलायचे नसते एवढे तो आता शिकला होता.

आप्पासाहेबांनी विचारले, "गोकुळ, औंदा काय मन हाय?"

"गोलात नाय उभा राहायचं आता," गोकुळ म्हणाला. "शिवराजला शिकवायचं असंल तर राहतो. पगार खेळणाऱ्याचा नको, शिकवणाऱ्याचा द्या."

आप्पासाहेबांनी हिमांशूकडे पाहिले. त्याने आकडा सांगितला. आधीच्या निम्म्याहून थोडा अधिक होता. गोकुळने मान हलवली आणि पानसुपारी झाली.

घरी सुरेखा पोळ्या लाटत होती. जाण्यापूर्वी त्याने तिला काही सांगितले नव्हते, पण तिने चेहऱ्यावरून ओळखले आणि एवढेच विचारले, "आधी कोण बोललं?"

"मी," तो म्हणाला, आणि पाटावर बसला.