दोरीवरची स्टेन्सिल

शुक्रवार, ७ सप्टेंबर १९८४. साप्ताहिक पत्रकाची स्टेन्सिल कापायची होती आणि दुपारचे बारा वाजले तरी माझ्याकडे तीनच बातम्या होत्या. पाचवीतल्या मुलीला भाऊ झाला, बोरगावहून येणाऱ्या दोघी बहिणींना गोवर निघाला, आणि पितळी डब्याचे एक झाकण पाण्याच्या टाकीजवळ सापडले. एवढ्यावर अर्धे पानही भरत नव्हते. मी मावशीला हाक मारली.

मावशी म्हणजे आमच्या शाळेची आया. वयाने माझ्याएवढीच, पंचेचाळिशीची, पण सगळ्या शाळेची मावशी म्हणून माझीही मावशी. मूळची रामाकोन्याची. नवरा गेल्यावर सौंसरला आली आणि शाळेच्या मागच्या एका खोलीत राहू लागली. घंटा वाजवणे, वर्ग झाडणे, फळे पुसणे, उलटी झालेल्या पोरीचा फ्रॉक धुणे ही तिची कामे. पत्रकाला बातम्या पुरवणे हे काम तिला कोणी दिले नव्हते, पण ते तीच करत होती.

"काय सांगू बाई," ती दारातूनच म्हणाली, "सातवीतल्या त्या लंब्या पोट्टीच्या घरची गाय येली. लोधीखेड्याच्या बसमंधी कोनाची तरी छत्री राह्यली, कंडक्टरनं ठेवली हाये. अन् शिवणाच्या टीचरची दाढ काढली."

"दाढेची बातमी नको."

"काहून? दोन दिवस झाले, बिचारी बोलली नाही. पोरी खुश हायेत."

गाय व्याल्याची बातमी घेतली, छत्री घेतली, दाढ सोडली.

ही शाळा सिस्टर लोकांची. गावात ख्रिस्ती घरे बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळे रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, बाके रिकामी आणि सोमवारी वर्ग गच्च. मुली कापूस आणि संत्री पिकवणाऱ्या घरांतल्या, बौद्ध वस्तीतल्या, तहसील आणि पोस्टातल्या बाबूंच्या. गाव मध्य प्रदेशात, म्हणून शाळा हिंदी माध्यमाची होती, पण पत्रक मराठीत निघायचे, कारण घरी ते आयांनी वाचायचे किंवा मुलींनी आयांना वाचून दाखवायचे. मुख्य सिस्टर केरळच्या. त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितले होते, "टीचर, मराठी आप देख लो, भगवान मैं देख लूँगी." म्हणून वरचा प्रार्थनेचा चौकोन त्यांचा आणि खालचे सगळे माझे. क्रम ठरलेला होता. आधी जन्म, मग आजार, मग हरवले-सापडले, शेवटी पुढच्या आठवड्याच्या सूचना. चार वर्षांत मी तो एकदाही बदलला नाही. बदलला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

स्टेन्सिल म्हणजे मेण लावलेला पातळ कागद. लोखंडी टोकाच्या लेखणीने त्यावर लिहिले की तेवढ्या रेषांतले मेण निघते आणि तिथून शाई झिरपते. मशीनच्या नळकांड्यावर ती चढवायची आणि हँडल फिरवायचे. शाईला कोणी हात लावलेला मला खपत नसे. ओली पत्रके मीच मोजून वर्गवार गठ्ठे बांधायची. छपाई झाली की स्टेन्सिल रॉकेलच्या बोळ्याने पुसून मागच्या व्हरांड्यातल्या दोरीवर टांगायची, कारण सिस्टर कधी कधी महिन्याने तीच पुन्हा मागत. टांगताना शाईची बाजू बाहेर अंगणाकडे. व्हरांड्यातून मुली पळत जातात, पांढऱ्या ब्लाऊजला डाग पडला की त्यांच्या आया माझ्याकडे येतात. म्हणून कोरडी बाजू आत.

तीन वाजता छपाई संपली. स्टेन्सिल टांगून येते तोच सिस्टरांनी ऑफिसात बोलावले.

उद्या मारियामातेच्या जन्माचा सण. त्यासाठी मोठ्या मठातून एक वयस्कर सिस्टर येणार होत्या, ते मला माहीत होते. माहीत नव्हते ते असे की, त्या येताना एक कागद आणणार होत्या. शाळेच्या आयाबाईला नोकरीत पक्के करायचे होते. अट एकच होती. घंटेचे वेळापत्रक स्वतः वाचता आले पाहिजे. रोजचे तास, शनिवारचे तास, परीक्षेचे तास, सगळे वेगळे असतात आणि दर वेळी कोणी शेजारी उभे राहून सांगणार नाही.

"और नहीं पढ़ सकी तो?" मी विचारले.

सिस्टरांनी टेबलावरचा दुसरा अर्ज दाखवला. लोधीखेड्याची बाई, आठवी पास. "खोली भी उसी को देनी पड़ेगी," त्या म्हणाल्या. त्यांना ते आवडत नव्हते हे दिसत होते. "मैंने मावशी से पूछा. वो बोली, पढ़ना आता है. सच है क्या, टीचर?"

मी म्हटले, बघते.

मला चार वर्षांत मावशी काही वाचताना दिसली नव्हती. घंटा ती मला विचारून वाजवायची. बस ती ड्रायव्हरचे तोंड पाहून ओळखायची. त्यामुळे ती खोटे बोलली आहे असे मी धरूनच चालले, आणि मला रागही आला नाही. खोली जाणार असेल तर मीही बोलले असते.

चारला शाळा सुटली. ती वर्गातले फळे पुसत होती. मी एक पत्रक तिच्या हातात दिले.

"वाच."

तिने पदराला हात पुसले. कागद जवळ धरला, लांब धरला. मग माझ्याकडे पाहिले. मग कागद उलटा फिरवला, म्हणजे छापलेली बाजू तिच्यापासून पलीकडे केली, दारात गेली आणि तो कोरा भाग समोर ठेवून उजेडावर धरला. उन्हात पातळ कागदातून अक्षरे आरपार दिसू लागली. आणि मावशीने उजव्या बाजूला बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"पाचवीतील... विद्यार्थिनीस... भाऊ झाला. अभिनंदन."

बोट उजवीकडून डावीकडे चालले होते. ती अडखळत होती, पण वाचत होती. गाय वाचताना हसली. गोवर वाचला. झाकण वाचले. छत्री वाचली. शेवटी सूचना आली, तीही तिने वाचली. सूचना तिने सांगितलेली नव्हती, ती सिस्टरांची होती. म्हणजे पाठ केलेले नव्हते.

मी बाकावर बसले.

"मावशी, हे तू कुठे शिकलीस?"

"कुठं म्हंजे? तुमच्या दोरीवर." तिने व्हरांड्याकडे हनुवटी केली. "रोज तितंच बसून दाळ निवडतो ना मी सिस्टरलोकायची. समोर तुमचे अक्षर लटकून राह्यते, अंगणातल्या उजेडानं कसे चमकते. बातमी त मले माहीतच राह्ये. पयली ओळ जन्माची, मंग बिमारीची, मंग हरपल्याची. एक एक अक्षर धरत गेली. दोन वर्सं लागले, बाई."

"आणि फळ्यावरचे? ते का नाही वाचत?"

"ते हिंदी राह्यते. मले हिंदी नाही येत वाचता."

"बसवरचे?"

"तेही हिंदीच." मग जरा आवाज खाली करून म्हणाली, "वस्तीतल्या विहारात एक डाव वंदनेचं पुस्तक हाती देलं होतं मले. मीच सांगतलं होतं ना सगळ्यायले, मी शिकली म्हून. उघडून पाह्यलं त सगळे अक्षर दुसरेच. मी म्हनलं चष्मा घरी राह्यला. तवापासून पुस्तक हाती घेतलं नाही. छापखान्यावाले उलटं छापून राह्यले असन, असं वाटलं मले."

मी तिला हाताला धरून व्हरांड्यात नेले. स्टेन्सिलच्या आतल्या बाजूला उभे केले, मग अंगणात उतरवून बाहेरच्या, सरळ अक्षरांच्या बाजूला उभे केले. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. तिसऱ्या फेरीला ती अंगणातच थांबली. तिच्या हातातला फळा पुसायचा फडका खाली पडला, तो मी उचलला.

"म्हंजे मी पाठीकून वाचून राह्यली होती," ती म्हणाली.

"हो."

"अन् छापखान्यावाले बरोबर हायेत."

"हो."

"मंग टांगलं कोनं होतं असं?"

"मी."

"पाहा!" ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटले रडते आहे. ती हसत होती. मग थोडे रडलीही. मी तेवढ्या वेळात दोरीच्या गाठी तपासल्या, त्या ठीक होत्या.

हसणे झाल्यावर मी तिला उद्याचे सांगितले. लोधीखेड्याची बाई, अर्ज, खोली, सगळे. तिला यातले निम्मे माहीत होते. खोलीचे माहीत नव्हते.

"खोली गेली त मी रामाकोन्याले नाही जाऊ शकत, बाई. भावाच्या घरी दोन सुना आल्या. तिथं आता मी पाहुनी." थोड्या वेळाने म्हणाली, "मी खोटं नाही बोलली सिस्टरले."

"नाही बोललीस."

आम्ही तासभर सरळ बाजूने प्रयत्न केला. मी वेळापत्रक पुढे धरले, बोटाने दाखवले, डावीकडून सुरू कर म्हटले. दोन शब्दांनंतर तिचे डोळे आपोआप उजव्या कडेला पळत. एक ओळ वाचायला तिला इतका वेळ लागला की तेवढ्यात माझा चहा करून पिऊन झाला असता. महिनाभरात जमले असते, डोके पक्के होते तिचे. पण आमच्याकडे महिना नव्हता, आमच्याकडे शनिवारची सकाळ होती.

सिस्टरांना सांगावे का, याचा मी विचार केला. आमच्या सिस्टर हसून समजून घेतील. येणाऱ्या सिस्टर घेतील की नाही, ठाऊक नव्हते. उलटे वाचणारी बाई म्हणजे न वाचणारी बाई, असे त्यांनी ठरवले तर त्यांना खोडणारी मी कोण? आणि यात लपवायचे तरी काय होते? बाई वाचत होती. कागद तिच्या बाजूने धरायचा, इतकेच काम उरले होते.

सहाच्या आधी मी एका पातळ कागदावर घंटेचे नवे वेळापत्रक काढले. नेहमीपेक्षा मोठे अक्षर, काळी दाट शाई. मग घरी गेले, स्वयंपाक केला आणि कणकेची थोडी खळ शिजवून वाटीत झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी शाळेत पोचले. ऑफिसच्या खिडकीची काच ओल्या वर्तमानपत्राने पुसली. वेळापत्रकाच्या लिहिलेल्या बाजूला चारी कडांना खळ लावली आणि ते आतून काचेवर चिकटवले, तोंड बाहेर मैदानाकडे. सिस्टर आल्या, त्यांनी पाहिले.

"बाहर की तरफ क्यों, टीचर?"

"पालक विचारायला येतात रोज. बाहेरूनच वाचतील, आत यायला नको."

हे खरेच होते. पुढे कितीतरी पालकांनी ते तिथून वाचले.

आठ वाजता पाहुण्या सिस्टर आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, हातात काठी. प्रार्थना झाली, मारियामातेच्या मूर्तीला मुलींनी झेंडूचे हार घातले, प्रत्येकीला दोन बत्तासे मिळाले. मग त्या ऑफिसात आल्या. मावशी घंटेचा हातोडा धरून खिडकीजवळ उभी होती. धुतलेले पांढरे लुगडे, केसांना तेल. खिडकीतून सकाळचे ऊन थेट कागदावर येत होते.

"घंटी का टाइम कहाँ लिखा है?" पाहुण्या सिस्टरांनी विचारले.

मावशीने हातोड्याने काच दाखवली. "इथं, माय."

"पढ़ो."

तिने उजव्या कडेला बोट ठेवले. "प्रार्थना, दहा तीस. पयला तास, दहा पन्नास." शनिवारचे वाचले, परीक्षेचेही वाचले. पाहुण्या सिस्टर तिचे बोट पाहत होत्या, उजवीकडून डावीकडे जाणारे. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"अच्छा पढ़ती है," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसून सहीसाठी पेन मागितले.

मावशीने नमस्कार केला, बाहेर गेली आणि दुसऱ्या तासाची घंटा वाजवली. दोन मिनिटे लवकर वाजवली, पण त्या दिवशी कोणी बोलले नाही.

मी मागच्या व्हरांड्यात गेले. कालची स्टेन्सिल दोरीवरून काढली, फिरवली आणि शाईची बाजू आत करून पुन्हा टांगली. ब्लाऊजना डाग पडणारच होते. ते धुता येतात. मग मावशीचे डाळ निवडायचे सूप उचलून दोरीच्या बरोबर समोर ठेवले, आणि आज वाटायचे पत्रकांचे गठ्ठे घेऊन वर्गांकडे निघाले.