मागच्या खोलीतलं कपाट

सोलापुरात घर बघायला गेलेला माणूस भिंती बघत नाही, पाणी बघतो. आम्हीही तेच केलं. जुळे सोलापूर भागातलं ते तळमजल्याचं घर बघायला गेलो, तेव्हा नवऱ्यानं चपला काढायच्या आधी मागच्या अंगाला जाऊन हौदाचं झाकण उचललं. मोबाइलचा उजेड पाडून आम्ही दोघं आत वाकून बघत राहिलो. अर्धा जमिनीत, अर्धा वर, घराच्या मागच्या भिंतीला लागून बांधलेला ऐसपैस हौद, काठोकाठ भरलेला. मग पाणी किती दिवसांनी येतं, किती वेळ टिकतं, दाब कसा असतो, मोटार कुणाची, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, सगळं विचारून झालं. उत्तरं ऐकून नवऱ्यानं माझ्याकडे बघत मान हलवली. घर आम्ही त्यानंतर बघितलं, तेही आता आलोच आहोत तर बघू म्हणून.

घर दाखवत होती माझी मैत्रीण. तीच त्या घरात भाड्यानं राहत होती आणि आता स्वतःच्या फ्लॅटमध्ये जाणार होती. आम्ही दोघी सात रस्त्याजवळच्या एका पतसंस्थेत शेजारी शेजारी बसतो. दुपारचा डबा कित्येक वर्षं एकत्र. तिची शेंगाची चटणी माझ्या भाकरीवर आणि माझी कडक भाकरी तिच्या ताटलीत, हे इतकं ठरलेलं की घरी डबा भरतानाच मी दोघींच्या हिशेबानं भाकरी करायची. एका हिवाळ्यात ती हुरडा खायला माझ्या माहेरी, केमला आली होती. माझ्या आईनं तिची ओटी भरली आणि निघताना ज्वारीचं गाठोडं बांधून दिलं. तेव्हापासून ती आईला आईच म्हणायची.

हे सांगते आहे, कारण मला घर हवं होतं ते आईसाठीच. वडील गेल्यावर आई केमला एकटी राहिली. तिला जुना दमा. थंडीत रात्र रात्र उशाला टेकून बसायची आणि फोनवर विचारलं की बरं आहे म्हणायची. दवाखाना सोलापुरात, आई केममध्ये, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. लेकीच्या घरी राहायला ती तयारच नव्हती. जावयाच्या अंगावर कशाला पडू, हे तिचं पालुपद. शेवटी मी तिला लालूच दाखवली. म्हटलं, तळमजल्याचं घर घेते, तुला तुझी वेगळी खोली देते, आतून कडी लावून बस. आईनं ठेवते म्हणून फोन ठेवला. बाळंतपणाची खोली सोडली तर आयुष्यात तिच्या वाट्याला स्वतःची अशी खोली कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनंच फोन करून विचारलं, खोलीला खिडकी हाय का.

ही सगळी कहाणी डबा खाताना मैत्रिणीला सांगितली, तेव्हा तीच म्हणाली, आमचं घर घे की. मला देव पावल्यासारखं वाटलं.

तर त्या दिवशी तिनं आम्हाला मागची खोली दाखवली. रंग ताजा, पिवळसर. खिडकी होती. भिंतीला टेकून लोखंडी कपाट उभं होतं, चांगलं रुंद. ती म्हणाली, मालकांचं आहे, जाम जड आहे, इथंच राहू दे, आईंना कपडे ठेवायला होईल. खोलीत धूप घातला होता. ही बाई दिवाळीलासुद्धा उदबत्ती विसरणारी. कधीपासून इतकी देवभोळी झालीस म्हणून मी तिची थट्टा केली. ती हसली. निघताना फाटकापाशी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आईंना मागच्या खोलीत नको झोपवूस. पुढच्या खोलीत झोपव. तिथं ऊन येतं."

गाडीवर मागे बसल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, बघ, सख्ख्या बहिणीला सुचणार नाही ते हिला सुचतं. माझे डोळे भरून आले होते. पण पुढची खोली म्हणजे बैठकीची. दार थेट रस्त्यावर, टीव्ही तिथंच, आल्या-गेल्याची ऊठबस तिथं. आईला मी कडी लावायची खोली कबूल केली होती. मागची खोली आईची, हे मी मनाशी पक्कं केलं.

करारावर सह्या मालकाच्या दुकानात झाल्या. मालकाचं रंगाचं दुकान आहे, आमच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. खोलीच्या ताज्या रंगाचं कोडं मला तेव्हाच उमगायला हवं होतं, पण मी त्याच्या दुकानातला चहा पीत बसले. 'घर पाहून, पसंत करून, आहे त्या स्थितीत घेत आहे' असं एक वाक्य करारात होतं. मालकानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्ही माना डोलावल्या. साक्षीदार म्हणून मैत्रिणीनं सही केली. पेन माझंच होतं. पुढच्या आठवड्यात तिच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांती झाली, आणि तिथं मी पदर खोचून पंगतीत जिलबी वाढत होते.

आई केमहून रेल्वेनं आली. बरोबर ज्वारीचं पोतं, स्वतःची खाट आणि नवऱ्यासाठी आवळ्याचं लोणचं. खोली तिनं भिंतीवरून हात फिरवत बघितली. दार लावून, कडी घालून बघितली, काढून बघितली. रात्री जेवण झाल्यावर 'येते मी' म्हणून ती तिच्या खोलीत गेली. लगेच कडीचा आवाज आला. नवरा आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. त्या घरातला माझ्या सुखाचा दिवस तेवढाच.

पाणी आलं, आम्ही हौद भरला, आणि सकाळी आई म्हणाली, "हितं भिंतीला घाम सुटलाय की गं." मी हात लावून पाहिला. कपाटाच्या कडेनं भिंत गार आणि ओली होती. बोटाला पिवळा रंग लागला. पुढच्या पाण्याच्या दिवसानंतर रंग फुगला, त्याच्या पुढच्या वेळी पोपडे खाली पडले. कपाटातल्या आईच्या लुगड्यांवर काळे ठिपके आले. खोलीत असा वास सुटला की मला त्या दिवशीच्या धुपाची आठवण झाली. नवऱ्यानं कपाट आणि भिंतीच्या फटीतून मोबाइलचा उजेड पाडला. मागची सगळी भिंत काळी, केसाळ बुरशीनं भरलेली. ज्या उजेडात आम्ही हौद बघून हरखलो होतो, तोच उजेड. गावभर माणसं पाण्यासाठी जीव टाकतात, आणि आमचा हौद भरल्यापासून रिकामा होईपर्यंत आईच्या खोलीत झिरपत होता. आईला आता दिवसाही धाप लागत होती.

मालकाला फोन केले. त्यानं माणूस पाठवला. त्या माणसानं दिसत होती तेवढी भिंत खरवडली, वर काहीतरी पांढरं थापलं. कपाटामागचं काय म्हणून विचारलं तर म्हणाला, ते लई जड हाय ताई, न्हाय हलायचं. पुढचं पाणी आलं आणि पांढऱ्यातून पुन्हा काळं वर आलं.

मग मी ऑफिस सुटल्यावर रंगाच्या दुकानात गेले. मालक गिऱ्हाइकाला रंगांचे नमुने दाखवत होता. मला बसवून घेतलं, चहा सांगितला. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेले होते, तरी तो चढलाच. तो मात्र शांत. म्हणाला, हौदाला लागून भिंत आहे, ओल येणारच, त्यात लपवाछपवी कसली. आणि मग सहज, सुट्टे पैसे परत करावेत तसं म्हणाला, "तुमच्या मैत्रिणीला विचारा की. तिच्या लेकराला सारखा खोकला, म्हणून तर घर सोडायला निघाली ती. मी तिला सांगितलं, नवा भाडेकरू आणून द्या आणि डिपॉझिट घेऊन जा. सगळ्यांना तोच नियम आहे आपला."

मी चहा तसाच ठेवून बाहेर आले. सात रस्त्यावर संध्याकाळची गर्दी, हॉर्न, रिक्षावाल्यांच्या हाका, आणि मी कुठल्या बाजूला रस्ता ओलांडायचा तेच विसरून उभी. मालकावरचा राग कधीच मागे पडला होता. तो परका माणूस, त्यानं त्याचा धंदा केला. मी वर्षानुवर्षं जिच्या हिशेबानं भाकरी थापली, तिनं मला नवा भाडेकरू म्हणून आणून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधी मी तिला विचारलं. तुला माहीत होतं? तिनं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. चटणीच्या डबीचं झाकण लावत म्हणाली, "मी सांगितलं होतं की तुला. आईंना पुढच्या खोलीत झोपव म्हणून."

मला वाटलं होतं ती रडेल, माफी मागेल, निदान चिडेल. हे उत्तर माझ्या कल्पनेत नव्हतं. जे वाक्य मी माया म्हणून जपून ठेवलं होतं, दोन-चार जणींना कौतुकानं सांगितलं होतं, ते तिनं स्वतःच्या सुटकेसाठी बोलून ठेवलं होतं. आईचा दमा तिच्या लक्षात होता. तेवढा लक्षात ठेवूनच तिनं साक्षीदाराची सही केली होती. मी डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले. त्या दिवशी भाकरी उरली. नंतरही बरेच दिवस उरत राहिली, हातालाच सवय लागलेली.

आईला आम्ही पुढच्या खोलीत आणलं, पण वास घरभर पोचला होता, आणि पाहुण्यांसमोर खाटेवर पडून राहायची तिला लाज वाटायची. एका सकाळी ती स्वतःच गाठोडं बांधून बसली. स्टेशनवर सोडायला गेले, तेव्हा माझा चेहरा बघून म्हणाली, "वाईट नगं वाटून घिऊ. चार दिस का हुईना, कडी लावून झोपले की मी." गाडी सुटल्यावर मी फलाटावरच्या बाकावर बसून रडले. मैत्रिणीला त्या वेळी माझ्या तोंडून जे शाप गेले, ते लिहिण्याजोगे नाहीत, आणि ते मी अजून परत घेतलेले नाहीत.

आम्ही घर सोडतो म्हटल्यावर मालकानं नियम सांगितला. नवा भाडेकरू आणून द्या. आम्हाला जवळच एक कोरडं, उजेडाचं घर सापडलं होतं, दोन खोल्या आणि आईसाठी एक. पण या घराचं डिपॉझिट सुटल्याशिवाय त्या घराचं देता येत नव्हतं. नवऱ्यानं ओळखीतल्या ओळखीत निरोप फिरवला. मालकानं माणूस पाठवून मागच्या खोलीला ताजा रंग दिला, या वेळी हिरवट. कपाटाच्या कडेकडेनं.

रविवारी एक जोडपं घर बघायला येणार होतं. सकाळपासून नवरा मला समजावत होता. तू काही बोलू नकोस. विचारलं तर उत्तर दे, नाही विचारलं तर गप्प बस. आपल्याला कुणी सांगितलं होतं? आईंना परत आणायचंय ना तुला? शेवटचा प्रश्न बरोबर वर्मी बसला. मी खोलीत उदबत्ती लावली. लावताना मी काय करते आहे हे मला नीट कळत होतं.

ते दोघं आले. तिच्या कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ, कानटोपी घातलेलं. तिच्या नवऱ्यानं चपला काढायच्या आधी विचारलं, हौद कुठं आहे. माझा नवरा त्याला घेऊन मागे गेला. झाकण उचलल्याचा आवाज आला, आणि मग खूश झालेला त्याचा आवाज. ती माझ्याबरोबर मागच्या खोलीत आली. तिनं खिडकी बघितली, रंग बघितला आणि म्हणाली, छान आहे, बाळाचा पाळणा इथंच बांधता येईल.

आईची नवी खोली माझ्या डोळ्यांसमोर आली. तिथल्या दाराला कडी आहे की नाही, हे मी मुद्दाम बघून आले होते. आणि माझ्या तोंडात शब्द आले, आयते, जुळवून ठेवल्यासारखे: बाळाला पुढच्या खोलीत झोपवा, तिथं ऊन येतं.

मी तोंड मिटून घेतलं. मग कपाटाच्या कडेला हात घातला आणि जोर लावून ओढलं. मैत्रिणीनं आणि मालकाच्या त्या माणसानं जड म्हटलेलं ते कपाट रिकामं होतं, पत्र्याचं होतं, आणि फरशीवरून खरडत एका ओढीतच माझ्याकडे आलं. मागची भिंत बघून त्या पोरीनं बाळाचं तोंड पदरानं झाकलं. ती तडक बाहेर गेली. मागच्या अंगाला हौदाचं झाकण पडल्याचा आवाज आला.

नवरा दारात येऊन उभा राहिला. तो रागावला होता, आणि त्याचं चुकत नव्हतं. कोरडं घर गेलं होतं, आई केमलाच राहणार होती. पण मी कपाटाकडेच बघत होते. इतकं हलकं होतं ते. माझ्या मैत्रिणीला ते एका हातानं ओढता आलं असतं.