जास्वंदीची आकृती, तिच्या हातची

बाळांनो, सोमवारपासून माझं घरात कशात लक्ष लागत नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या आपल्या घराखाली राहणारी आठवीतली मुलगी तुम्हाला आठवत असेल. तिला जन्मापासून दिसत नाही. परीक्षेत आकृतीच्या जागी तिला दुसरा प्रश्न देतात, आणि तिला तो नको असतो. यंदा विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, सोमवारी माझ्यासमोर जास्वंदीची आकृती एकटीने काढ, मग पुढच्या चाचणीपासून तुलाही आकृतीचा प्रश्न.

तिच्या वडिलांनी एक पाटी आणली आहे. पाटीवर रबर, रबरावर प्लॅस्टिकचा पातळ कागद. साध्या बॉलपेनने दाबून रेघ ओढली की ती तिथल्या तिथे फुगून वर येते, बोटाला लागते. मी डोळे मिटून एक रेघ चाचपली आणि अंगावर काटाच आला.

रविवारी सकाळी ती आमच्या जेवणाच्या टेबलाशी सरावाला बसली. माझ्याकडून लहानपणी हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती, तुमच्या आईलाही मी तसंच शिकवलं. त्याच सवयीने मी तिचा हात धरला आणि एक सुबक फूल काढून घेतलं.

तिने त्यावरून बोट फिरवलं. "अज्जी, हे फूल तुमचं झालं. आता हात सोडा. स्वल्प लांबच बसा."

मी खुर्ची मागे घेतली. कुंडीतलं फूल तिने डाव्या हातात धरलं. एक पाकळी चाचपायची, एक रेघ ओढायची, बोटाने तपासायची. मधल्या दांडीच्या टोकाशी ती थांबली आणि तिथे पाच टिंबं दिली.

"हे काय गं?"

"टोकाला पाच मणी आहेत. तुमच्या फुलाला नव्हते. मार्क गेले असते, अज्जी."

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच पाच. आणि मी लग्न झाल्यापासून रोज देवाला जास्वंद वाहते आहे.

सोमवारी शाळेतून येताना ती जिन्यातूनच सांगत आली. बाईंनी आधी त्यांच्यासमोर काढलेली आकृती पाहिली, मग स्वतः डोळे मिटून रेघांवर बोट फिरवलं आणि मणी मोजले.

"मग काय म्हणाल्या?"

"'सरी, बरोबर आहे,' म्हणाल्या. पुढच्या चाचणीत आकृती. आता चुकली तर माझीच चुकेल."

हे सांगताना ती इतकी खुशीत होती की पायरी चुकता चुकता राहिली.

तुमच्यासाठी तिने काढलेलं एक फूल सोबत पाठवते. एक पाकळी कागदाबाहेर निघाली आहे. मी हात लावलेला नाही.