पिवळी मुद्रा

अक-तेरेकच्या शाळेत एकोणतीस वर्षं माइक उमसुनाय एजेंच्या हातात होता. एजे म्हणजे ताई. शाळेतल्या सगळ्याच बायकांना मुलं एजे म्हणतात, पण आमच्या गावात नुसतं ‘एजे’ म्हटलं की उमसुनाय. सप्टेंबरात शाळा उघडायची, मे महिन्यात शेवटची घंटा व्हायची, जूनमध्ये प्रमाणपत्रं वाटली जायची. हेडमास्तर चार बदलले, माइक तीन बदलले, आवाज तोच राहिला.

नाव कसं घ्यावं हे त्यांना कळत होतं. आधी बापाचं नाव, मग मुलाचं, मग किंचित थांबायचं. त्या थांबण्यात पोर दोन बोटं उंच व्हायचं. कुस्तीत जिल्ह्यात तिसरा आलेला असो, गणिताच्या स्पर्धेला जाऊन हात हलवत परत आलेला असो, की वर्षभर एकही दिवस न चुकवलेला असो, थांबणं सगळ्यांना सारखंच. मठ्ठातल्या मठ्ठ पोराची आईसुद्धा ते ऐकायला वरच्या कुरणातून घोड्यावर बसून खाली यायची.

एकच शब्द एजेंच्या तोंडात नव्हता. सोनं.

त्यांच्या सासूचं नाव आल्तिन. आल्तिन म्हणजे सोनं. सुनेनं सासूसासऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं, आणि नाव घ्यायचं नाही म्हणजे त्या नावाच्या वस्तूलाही दुसरं काहीतरी म्हणायचं. राजधानीतून साहित्याची पदवी घेऊन उमसुनाय या घरात आली, तेव्हा तिला हसू आलं होतं. महिन्याभरात जीभ वळली. सोन्याचं पिवळं झालं. पिवळी अंगठी, पिवळा दात. पोरं मुद्दाम खोडी काढायची.

“एजे, खानाचा मुकुट कशाचा होता?”

“पिवळ्या धातूचा.”

“पितळेचा?”

“पितळ तुझ्या डोक्यात आहे. बस खाली.”

शाळेतल्या सगळ्यांत मोठ्या मानाचं नावही तिथंच अडलं. अकरावीपर्यंत प्रत्येक विषयात पाचापैकी पाच मिळवणाऱ्याला सरकारची सुवर्णमुद्रा उमटवलेलं प्रमाणपत्र मिळतं. एजे म्हणायच्या, पिवळी मुद्रा. हळूहळू सगळं गाव तसंच म्हणू लागलं. एका हेडमास्तरांनी तालुक्याला पाठवलेल्या पत्रातही ते तसंच गेलं. तालुक्यानं उलट विचारलं, ही कोणती नवी योजना?

सासू हे सगळं ऐकायची आणि चहा ओतायची. तिनं कधी सुनेला धाकात ठेवलं नाही, की कधी मोकळंही केलं नाही. त्याबद्दल दोघींत एक अक्षरही कधी निघालं नाही.

मग शाळेत सेयितची मुलगी आली. तिचंही नाव आल्तिन.

पहिली काही वर्षं निभावलं. एजे तिला ‘बाळ’ म्हणायच्या, ‘सेयितची लेक’ म्हणायच्या. हजेरी घेताना तिच्या नावाशी आल्या की पेन्सिलीनं टेबलावर दोनदा टकटक करायच्या. मुलगी म्हणायची, “हजर.” वर्गाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मुलीला काय वाटायचं, ते कुणी विचारलं नाही.

सेयित रशियात होता, इमारतींच्या कामावर. काँक्रीट फोडायचं ड्रिल चालवायचा. लेक अकरावीत होती तेव्हा त्याला घर बघून चार वर्षं झाली होती. यंदाची मुद्रा त्याच्या लेकीला, हे मे महिन्यात पक्कं झालं. आठ वर्षांनी शाळेत मुद्रा येत होती. त्यानं बायकोला फोनवर सांगितलं, “माझं नाव त्या शाळेत माइकवर कधी आलं नाही. आलं ते काठीबरोबर, ऑफिसात. तिचं नाव घेतील तेव्हा फोन वर धर. मला ऐकायचंय.”

बायकोनं हे गावभर सांगितलं. त्यामुळे एजेंनाही ते ठाऊक होतं.

हेडमास्तर एजेंच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. “एजे, तेवढं एक नाव मी वाचू का?”

“का बरं?”

“का म्हणजे... तुमची घरची अडचण.”

“यादी माझी आहे. आठ वर्षांनी मुद्रा येतेय आणि ती मी दुसऱ्याच्या तोंडात देऊ? घेईन मी नाव.”

“बघा हं.”

“बघितलं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे गाय पिळताना त्यांनी ते घेऊन पाहिलं. “आल्तिन.” गाईनं कान हलवला. बाकी काही झालं नाही. त्यांनी आणखी दोनदा घेतलं. जिभेवर नाव गोड लागलं, असं त्या पुढे म्हणायच्या.

प्रमाणपत्रांच्या दिवशी शाळेच्या अंगणात बाकं मांडली होती. कुरणातून माणसं खाली उतरली होती, कुंपणाला घोडे बांधले होते, टेबलांवर कणकेच्या तळलेल्या बोर्सोकचे ढीग होते. एजे माइकपाशी उभ्या राहिल्या आणि समोर पाहिलं. पहिल्या रांगेत, बरोबर मध्यावर, सासू बसली होती. पंधरा वर्षांत ती शाळेच्या एकाही कार्यक्रमाला आली नव्हती. आज आली होती. डोक्याला पांढराशुभ्र रुमाल, अंगात मखमली बंडी. हात मांडीवर. नजर सुनेच्या तोंडावर.

पहाऱ्याला आली, एजेंच्या मनात आलं.

कुस्तीवाले झाले. गाणारे झाले. एका पोराला झाडं लावल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. त्यानं ती लावलेली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. टाळ्या झाल्या. मग शेवटचं पान.

“आणि आता,” एजे म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांचं थांबणं गावाच्या ओळखीचं होतं. हे जास्त लांबलं. माइक घुमायला लागला. मागे कुणीतरी खोकलं. सासू किंचित पुढे झुकली.

“आणि यंदाची पिवळी मुद्रा... सेयितची लेक, आपली...” जीभ टाळूला चिकटली. “आपली पिवळी!”

मुलगी गोरी होती, केस भुरकट होते. नाव चपखल बसलं. हशा पिकला. एजे मुरलेल्या होत्या. हशा आला की त्यावर स्वार कसं व्हायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. शांतता पसरायच्या आत त्या म्हणाल्या, “ये गं पिवळे, लाजतेस काय!” हशा दुप्पट झाला.

मुलगी सरळ चालत आली. छातीवर हात ठेवून तिनं सगळ्यांना मान लववली, रीतीप्रमाणे. प्रमाणपत्र घेताना ती एजेंच्या कानाशी म्हणाली, “एजे, बाबा फोनवर होते.”

एवढंच. आणि जाऊन जागेवर बसली.

शेवटच्या रांगेत तिची आई बाकावर चढून उभी होती. दोन्ही हातांनी फोन डोक्यावर धरला होता. पुढचं नाव झालं, त्याच्यापुढचं झालं. तरी ती तशीच उभी होती. लेकीचं नाव अजून यायचंय, असं तिला वाटत होतं.

जिला नाव घेता आलं नाही, तिनं नाव ठेवलं. ते टिकलं. पाणी भरायला गेली तरी पिवळी, दुकानात गेली तरी पिवळी. ऑगस्टमध्ये मुलगी डॉक्टरकी शिकायला राजधानीला गेली, आणि मग सणावारालाही क्वचितच दिसायला लागली. शाळेला साठ वर्षं झाली तेव्हा सगळ्या मुद्रावाल्यांना बोलावणं धाडलं. तिचं उत्तर आलं नाही. भिंतीवर मुद्रावाल्यांचे फोटो लावायचे ठरले, तिचा फोटो कुणाकडे सापडला नाही. तिथं खिळा आहे, फोटो नाही.

एजेंनी स्वतःची समजूत घातली होती. रीत म्हणजे रीत. सासू समोर बसलेली, सारं गाव बघतंय, सून बिचारी काय करणार? दहा वर्षं ही समजूत चांगली चालली.

मग सासूनं अंथरूण धरलं. त्या हिवाळ्यात एजे शाळेतून घरी आल्या की तिला दूध घातलेला चहा भरवायच्या, नखं कापायच्या. एका दुपारी नखं कापता कापता म्हातारी म्हणाली, “त्या दिवशी मी रुमाल दोनदा धुतला होता.”

“कोणत्या दिवशी, आई?”

“शाळेत आले होते मी. त्या पोरीला मुद्रा मिळाली तेव्हा.”

एजेंचा हात थांबला.

“म्हटलं, आज माइकमधून आपलं नाव येणार. या घरात आले तेव्हापासून मी सून होते, मग आई झाले, मग आजी. नावानं हाक मारणारा एकच होता. तो जाऊन तीस वर्षं झाली. म्हटलं, तू तर काय सुंदर नावं घेतेस, घेशील. आणि तू म्हणालीस, पिवळी.”

“पण आई, मी तुमचं नाव कसं...”

“माझं कुठं, वेडे? त्या पोरीचं होतं ना ते!” म्हातारी हसली, मग तिला ढास लागली. पाणी प्यायल्यावर म्हणाली, “मी पुढे पण वाकले होते. नीट ऐकू यावं म्हणून.”

एजेंनी उरलेली नखं कापली. त्यांना वाटत होतं, आता म्हणावं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. नुसतं म्हणायचं, आल्तिन. गाईपुढे म्हटलं होतं, तसं. त्यांनी कात्री पुसली, कप उचलला, म्हणाल्या, “गार झाला. दुसरा आणते.”

फेब्रुवारीत सासू गेली. रडताना सुना विलापगीत गातात, त्यातही नाव नसतं. थडग्यावर नाव कोरलंय. एजे तिथं जातात, ते नाव डोळ्यांनी वाचतात आणि परत येतात.

यंदाच्या मे महिन्यात एजे निवृत्त झाल्या. शेवटच्या घंटेला सगळ्यांची नावं त्यांनीच घेतली. सप्टेंबरात सेयित रशियातून कायमचा परत आला, असं कळलं. त्यांनी कपाट उघडलं. सगळ्या वर्षांच्या याद्या जपून ठेवल्या होत्या. चौदा वर्षांपूर्वीचं शेवटचं पान काढलं, घडी घातली आणि दुपारच्या उन्हात त्या निघाल्या.

सेयित अंगणात गवत रचत होता. केस पिकले होते. शेजारच्या भिंतीपलीकडे कुणीतरी सतरंजी झोडपत होतं.

“या एजे, या. जरा मोठ्यानं बोला हं. ड्रिलनं कान नेले.”

एजेंनी वाटेत सगळं जुळवून आणलं होतं. माफीची दोन वाक्यं, मग नाव. बापाचं, मुलीचं, मग थांबणं. त्या बोलल्या. सवयीनं हळूच बोलल्या, आणि नावाशी येताना सवयीनंच मागे वळून बघितलं.

“हो हो,” सेयित म्हणाला, “यंदा गवत बरं आहे.”

एजेंनी घडी उघडून कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो लांब धरला. बहिऱ्या माणसांचा असतो तशा दणदणीत आवाजात त्यानं वाचलं, “सेयितची मुलगी आल्तिन. सुवर्णमुद्रा.” मग तो हसला. “हे त्या दिवशीचं! अजून ठेवलंत? एजे, माझं नशीब बघा, नेमकं तेवढंच तुटलं. हसणं ऐकू आलं, टाळ्या आल्या, मधलं तुमचं तेवढं गेलं. तिसऱ्या मजल्यावर होतो मी. सगळे सांगत होते, चौथ्यावर रेंज चांगली लागते. शिडी होती समोर. चढलो नाही.”

एजे काहीतरी म्हणाल्या.

“काय?”

“तुटलं नव्हतं,” एजे म्हणाल्या.

त्यानं कानामागे हात धरला.

मग एजे ओरडल्या. एकोणतीस वर्षं ज्या आवाजानं अंगण भरलं, त्या आवाजात. “फोन तुटला नव्हता, सेयित! मी आल्तिनचं नाव घेतलंच नाही! तिला पिवळी म्हटलं मी, आणि लोक हसले!”

भिंतीपलीकडे सतरंजी थांबली.

सेयित गवतावर बसला. कागद गुडघ्यावर ठेवून त्यानं तळव्यानं सपाट केला.

“म्हणजे लाइन होती,” तो म्हणाला.

एजेंनी मान हलवली.

“रागानं मी फोन फेकला ना वरून. नवाकोरा होता.” मग तो म्हणाला, “संध्याकाळी दोस्ताच्या फोनवरून तिला फोन केला. म्हटलं, पोरीला वाईट वाटायला नको. म्हटलं, ऐकलं गं तुझं नाव, एजेंनी काय झकास घेतलं.”

“ती काय म्हणाली?” एजेंनी विचारलं. हळूच विचारलं, पण ते त्याला कळलं.

“म्हणाली, हो बाबा, घेतलं ना.”